भाऊ अमेरिकेत रिव्हॉल्वरची काडतुसं घरी भरणार आहे, पावडर कुठली घ्यावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. विषय आपल्याकडे फारसा निघत नाही, म्हणून आधी थोडं सांगतो.

मी इंदिरानगरला राहतो, अंबडला नोकरी. धाकटा भाऊ बारा वर्षं कोलोरॅडोत आहे. तिथे शनिवारी रेंजवर जायचा त्याला नाद लागलाय. गेल्या वर्षी त्याने .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्वर घेतलं. त्यात .३८ स्पेशलची काडतुसंही चालतात आणि तो बहुतेक तीच झाडतो, कागदी टार्गेटवर. विकतची काडतुसं महाग पडतात, म्हणून आता रिकाम्या पुंगळ्या घरी परत भरायच्या असं त्याने ठरवलंय. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथे परवाना लागत नाही. काडतूस भरायची प्रेस आणली, पुंगळीला आकार देणाऱ्या डाय आणल्या, काटा आणला, शिशाच्या १५८ ग्रेनच्या (सुमारे दहा ग्रॅम) ओतीव गोळ्याही आणल्या. गाडं अडलंय ते पावडरीपाशी.

दुकानदार म्हणतो टाइटग्रुप घे, सगळ्यात कमी लागते, एका डब्यात सगळ्यात जास्त काडतुसं निघतात. रेंजवरचे एक आजोबा म्हणतात बुल्सआय, दुसरं काही बघूच नकोस. तिसऱ्या ओळखीच्या माणसाने अर्धी बरणी फुकट देऊ केलीय. चिठ्ठी नाही, 'बहुतेक युनिक असावी' म्हणतो.

परवा व्हिडिओ कॉलवर त्याने पुंगळीत पुस्तकातल्या मापाने टाइटग्रुप टाकून मला दाखवली. टॉर्च मारून आत बघितलं तर तळाला जरासा करडा थर, बस. वरची सगळी पुंगळी मोकळी. मी म्हटलं, अरे, ही भरलीय हे तुला कळणार कसं? आणि चुकून दोनदा पडली तर? तो गप्प झाला. तेव्हापासून माझ्याही डोक्यातून ते जात नाहीये. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

इथे ऑर्डनन्समधली, रेंजवरची मंडळी आहेत. पावडर नेमकी कशावरून ठरवतात?

---

देवळालीकर (देवळाली कॅम्प)

गोदाकाठ, तुम्ही टॉर्च मारून जे पाहिलंत ना, तिथेच तुमचं अर्धं उत्तर आहे. त्याच्यावर नंतर येतो.

मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच तपासणी विभागात. १८६९ सालचा कारखाना. तिथे शिकाऊ असताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक प्रयोग दाखवायचे. दोन पत्र्याच्या पाट्या. एकीवर काळ्या दारूची रेघ, दुसरीवर धूरविरहित पावडरीची. काळीला बत्ती लावली की 'फुस्स', पांढरा धूर, गंधकाचा वास, पाटीवर काजळी. दुसरी पिवळ्या ज्योतीने सुरसुरत शेवटापर्यंत जळत जायची, धूर जेमतेम, पाटी जवळजवळ स्वच्छ. उघड्यावर ती नुसती जळते. उस्ताद म्हणायचे, हिला कोंडा, मग ती काय आहे ते कळेल.

कोंडल्यावर होतं असं की दाब वाढतो तशी ती अधिक वेगाने जळते, वेगाने जळते तसा दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकते तशी जागा वाढते, म्हणून हे आटोक्यात राहतं. पावडर निवडायची म्हणजे या दोन्हींचा मेळ घालायचा. वायू किती लवकर तयार होणार आणि गोळी त्याला किती लवकर जागा करून देणार.

आता वेग कशावर ठरतो? एक, रसायन. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची असेल तर ती एकपदरी. तिच्यात नायट्रोग्लिसरीन घातलं की द्विपदरी, अधिक उष्ण. दोन, कणांचा आकार. आमच्या निफाडकरांना चटकन कळेल असं सांगतो. ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचा ढीग पेटवला तर भडकून जातो, पण वेलीचं जुनं खोड रात्रभर धुमसतं. लाकूड तेच, आगीला मिळणारा पृष्ठभाग वेगळा. पावडरीचंही तसंच. पातळ चकत्या लवकर संपतात. नळीसारख्या दाण्याला मध्ये भोक असतं, तो बाहेरून आकसतो आणि आतून रुंदावतो, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग साधारण तेवढाच राहतो. तीन, वरचा लेप, जो सुरुवातीचं जळणं मंदावतो.

रायफलच्या लांब नळीत, जड गोळीमागे मंद पावडर लागते. .३८ स्पेशलसारख्या हलक्या काडतुसात मंद पावडर घातली तर तिला पुरता दाबच मिळत नाही. निम्मी न जळता नळीतून बाहेर पडते, कापडावर पिवळे दाणे दिसतात. म्हणून रिव्हॉल्वरच्या साध्या भारासाठी (भार म्हणजे एका काडतुसात घालायचं पावडरीचं माप) जलद ते मध्यम पावडर. इथवर दुकानदार, आजोबा सगळे बरोबर आहेत.

---

वेलवर्गीय (निफाड तालुका)

देवळालीकर काका, छाटणीच्या काड्यांचं अगदी पटलं.

माझा एक प्रश्न. माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्वर आहे, कानपूरचं. मळ्यात रात्री एकटं राहावं लागतं म्हणून वडिलांच्या काळापासून परवाना आहे. काडतूस महाग, त्यात वर्षाला मिळतात मोजकी, सरावाला उरतच नाहीत. पुंगळ्या डब्यात पडून आहेत. ही जी प्रेस वगैरे म्हणताय ती आपल्याकडे आणून भरता येतील का? मी काही विकणार नाही, माझ्यापुरतंच.

---

जुना_नाका (नाशिक, वकिली)

वेलवर्गीय, थांबा. यातलं काहीही मागवू नका, कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून तर मुळीच नको.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. तयार काडतूस तर आहेच, पण बंदुकीत भरायची दारू, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही त्याच व्याख्येत बसते. म्हणजे टोपी (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी), पावडर, प्रेस, सगळं एकाच ओळीत आलं. कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. कलम ५ मोडून बनवण्याला कलम २५ खाली २०१९ च्या दुरुस्तीपासून किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. 'माझ्यापुरतंच' हा बचाव तिथे टिकत नाही.

सरावाला काडतुसं कमी पडतात ही तुमची अडचण खरी आहे. त्याचा रस्ता अर्जाचा. ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात, नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात. परवान्यावरची काडतुसांची मर्यादा वाढवून मागता येते, कारण नीट लिहावं लागतं.

बाकी धागा अमेरिकेतल्या कामाबद्दल आहे, तो चालू द्या. ज्ञान म्हणून वाचायला हरकत नाही.

---

वेलवर्गीय (निफाड तालुका)

बरं झालं विचारलं. चुलतभाऊ पुढच्या महिन्यात येणारच होता तिकडून. आजच फोन करतो.

---

ह्यूस्टनची_ताई (मूळची पंचवटी)

गोदाकाठ, मी अकरा वर्षं .३८ आणि .३५७ भरतेय, म्हणून सविस्तर लिहिते. भावाला सगळं वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे ती बिनचिठ्ठीची बरणी. ती घ्यायची नाही. 'असावी' हा शब्द या कामात चालत नाही. बुल्सआय, युनिक, दोन्ही करड्या चकत्याच. डोळ्याने ओळखता येतील असं मलाही वाटायचं, पण येत नाहीत. ज्याने देऊ केली त्याला सांगा की बागेत उघड्यावर, पातळ रेघ ओढून, लांबून पेटवून टाक. पावडर कायम मूळ डब्यात ठेवायची आणि टेबलावर एका वेळी एकच डबा असायचा.

आता निवड. .३८ स्पेशल हे १८९८ च्या सुमाराचं काडतूस, काळ्या दारूच्या दिवसांतलं. तेव्हा त्यात साधारण २१ ग्रेन काळी दारू बसायची, पुंगळी भरून जायची. पुंगळीची लांबी त्या दारूच्या मापाने ठरलेली आहे. आजची पावडर कितीतरी ताकदवान, तिची चिमूट पुरते, आणि पुंगळी मात्र तेवढीच राहिली. तुम्ही टॉर्चने जी मोकळी जागा पाहिलीत तिचं मूळ हे. .३८ स्पेशलमध्ये जलद पावडर दोनदा पडली तरी पुंगळी अर्धीही भरत नाही. वरून गोळी नीट बसते. बाहेरून काडतूस हुबेहूब चांगल्यासारखं दिसतं. रिव्हॉल्वर फुटल्याच्या ज्या गोष्टी रेंजवर ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच तिथून सुरू होतात.

म्हणून 'कमी लागते' हा नवशिक्याच्या बाबतीत गुण नाही. टाइटग्रुप चांगली पावडर आहे, मी स्वतः वापरलीय. पुंगळीत कुठेही पडलेली असली तरी ती एकसारखी पेटते, हा तिचा खरा गुण. पण ती दाट आहे, जागा अगदी थोडी घेते आणि उष्ण जळते. भावाकडे शिशाच्या गोळ्या आहेत, तिच्याने धूर जास्त होतो असा माझा अनुभव.

त्याच्यासाठी मी दोनच नावं सांगेन, एचपी-३८ किंवा युनिक. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर आहे, डबे दोन. दुकानात एक नसेल तर दुसरी बघा. तिचे दाणे बारीक, पावडर मोजून टाकणाऱ्या मापातून पाण्यासारखे पडतात, दहा वेळा टाकली तर दहाही वेळा काटा जवळजवळ तेच दाखवतो. युनिक १९०० सालापासून आहे. मोठ्या चकत्या, फुगीर, पुंगळीत बऱ्यापैकी वर येते. दोनदा पडली तर पुंगळी अर्ध्याच्या चांगली वर भरलेली दिसते, टॉर्चही लागत नाही.

मी एचपी-३८ वर आहे. का, ते सांगते. तिसऱ्या वर्षी मी युनिक भरत होते. मोठ्या चकत्या मापाच्या नळीत अडकल्या, कमान झाली, एका पुंगळीत जेमतेम पडली. मला कळलं नाही. रेंजवर चाप ओढला तर 'फट्ट', फुगा फुटावा तेवढाच आवाज, हाताला धक्काच नाही. मी पुढचा चाप ओढायच्या बेतात होते. शेजारच्या लेनवरच्या बाईने जोरात 'थांब' म्हणून हाक मारली. नळीत काडी घालून पाहिलं तर गोळी नळीच्या सुरुवातीलाच अडकून बसलेली. त्यामागे दुसरी सुटली असती तर नळी फुगली असती, किंवा त्याहून वाईट. पितळी सळई आणि लाकडी हातोडीने तासभर ठोकून ती बाहेर काढली. घरी येऊन त्या दिवशी भरलेली सगळी, एकशे सत्तावीस काडतुसं, एकेक करून उघडली. कमान झाली की एका पुंगळीत कमी पडते, आणि ती सुटते तेव्हा पुढच्या पुंगळीत वरचीही पडते. ते दुसरं काडतूस मला सापडलं. काट्यावर ठेवलं आणि बराच वेळ आकड्याकडे बघत बसले.

---

देवळालीकर (देवळाली कॅम्प)

ताई, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

तुमची चूक पावडरीची नव्हती. पुंगळीत डोकावून न पाहता गोळी बसवली, चूक तिथे झाली. मापातून छान पडणारी पावडर माणसाला न बघण्याची सवय लावते. फुगीर पावडर बघायला भाग पाडते आणि बघितल्यावर चटकन उत्तर देते. खडकीत यंत्रं होती, वजनाची तपासणी होती, तरी भरलेल्या पुंगळ्यांच्या ताटावर डोळे ठेवून बसलेली माणसं होतीच. मीही बसलोय. पन्नास पुंगळ्यांत एक कमी भरलेली असली तर ती आपोआप डोळ्यात येते, काजव्यासारखी. पण त्यासाठी पातळी वर हवी. पातळी तळाशी असेल तर कमी आणि जास्त यांतला फरक सावलीतच जातो.

गोदाकाठ, भावाची प्रेस एकेक काम करणारी आहे की हँडल ओढलं की सगळी कामं एकदम होणारी?

---

गोदाकाठ (नाशिक)

विचारून सांगतो… एकेक काम करणारी. आधी सगळ्या पुंगळ्यांना टोपी, मग सगळ्यांत पावडर, मग गोळी. पुंगळ्या उभ्या करायला पन्नास भोकांची लाकडी पाटी आहे.

---

देवळालीकर (देवळाली कॅम्प)

मग तर युनिकच. पन्नास पुंगळ्या पाटीवर उभ्या करून पावडर घालायची, मग तिरका दिवा धरून पन्नासही तोंडं बघायची आणि त्यानंतरच पहिली गोळी हातात घ्यायची. मापाच्या नळीत कमान होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी हँडल सारख्याच जोराने, वर-खाली दोन्हीकडे टेकवून चालवायचं. सुरुवातीला तर दर पाचवी पुंगळी काट्यावर.

---

ह्यूस्टनची_ताई (मूळची पंचवटी)

काका, पाटीवर उभ्या करून बघणार असेल तर माझी हरकत मागे घेते. माझी प्रेस फिरती होती, पुंगळी पुढे गेली की दिसायचीच नाही. त्या प्रेसवर मी आजही एचपी-३८ च घेईन, वर आरसा आणि दिवा लावून.

एक राहिलं. ट्रेल बॉस नावाची पावडर होती, ऑस्ट्रेलियात बनायची, मेदूवड्यासारखे बारीक भोकवाले दाणे. मुद्दाम याच अडचणीसाठी, जुन्या मोठ्या पुंगळ्या हलक्या भाराने भरता याव्यात म्हणून केलेली. पुंगळी जवळजवळ भरून जायची, दुसऱ्यांदा घातली तर वरून सांडायची. गेली काही वर्षं ती बाजारात दिसेनाशी झालीय. कुणाकडे सीलबंद डबा मिळाला तर भावाने जरूर घ्यावा, फक्त दाणे गोळीने दाबून चिरडायचे नाहीत, चुरा झाला की ती वेगळ्या वेगाने जळते.

---

तांबडा_बिंदू (नाशिक रोड)

मी २५ मीटर सेंटर फायर ही पिस्तूल नेमबाजी खेळतो. आमचं काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीचं. मी भरत नाही, विकतचंच वापरतो, पण दोन गोष्टी याच काडतुसाकडून शिकलो त्या सांगतो, .३८ ला तशाच लागू आहेत.

वॉडकटर गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते, म्हणजे पूर्ण गोळी आत. आतली जागा त्यामुळे खूपच कमी होते. पावडर तीच, वजन तेच, पण गोळी खोल बसली की दाब चढतो. भावाने पुस्तकात १५८ ग्रेनच्या ज्या आकाराच्या गोळीचा भार दिलाय तीच गोळी आणि काडतुसाची तीच एकूण लांबी पाळली पाहिजे. 'वजन सारखं आहे ना' म्हणून दुसरी गोळी चालत नाही.

दुसरं म्हणजे पावडर आत कुठे पडलीय. मोकळी जागा जास्त असेल तर पावडर कधी टोपीपाशी असते, कधी गोळीपाशी. एकदा नळी खाली करून मग उचलून झाडा, एकदा वर करून मग खाली आणून झाडा. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर स्पष्ट फरक दिसतो, काही पावडरींत तर चांगलाच. पंचवीस मीटरवर तो टार्गेटवर उभ्या रेषेत पसरलेला दिसतो. पुंगळी जितकी भरलेली तितका हा फरक कमी, म्हणून अचूकतेच्या बाजूनेही माझं मत फुगीर पावडरीलाच.

---

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे आभार. भाऊ आता स्वतः हा धागा वाचतोय, रोमन टायपिंगमुळे इथे लिहीत नाही म्हणतो. त्याचे तीन प्रश्न:

१. इंटरनेटवर जळण्याच्या वेगाचा तक्ता असतो. त्यात युनिकच्या शेजारी जी पावडर आहे तिला युनिकचा भार चालेल का?

२. पुढे .३५७ चा पूर्ण ताकदीचा भार करायचा झाला तर युनिकच वाढवत न्यायची का?

३. कोलोरॅडोत जानेवारीत रेंजवर उणे दहा असतं. फरक पडतो का?

---

देवळालीकर (देवळाली कॅम्प)

पहिल्याचं उत्तर, नाही, कधीच नाही. तो तक्ता कोण कोणाच्या पुढे एवढंच सांगतो, किती पुढे ते सांगत नाही. शिवाय तो एका ठरावीक परिस्थितीत मोजलेला असतो. काडतूस बदललं, गोळीचं वजन बदललं की शेजारी जागा बदलतात. तक्ता दुकानात कुठल्या फळीवर बघायचं तेवढ्यासाठी. भार फक्त छापील पुस्तकातून, त्याच पावडरीच्या, त्याच गोळीच्या पानावरून. तोही कमीत कमी आकड्यापासून सुरू करायचा. इथे कुणी आजच्या पावडरींच्या भाराचे आकडे टाकले नाहीत हे मला फार बरं वाटलं, टाकूही नका. एका डब्यातून दुसऱ्या डब्यावर, म्हणजे वेगळ्या लॉटवर गेलात तरी पुन्हा खालून सुरुवात.

---

ह्यूस्टनची_ताई (मूळची पंचवटी)

दुसऱ्याचं मी सांगते. .३८ स्पेशलचा दाब अमेरिकन मानकात १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३५७ चा ३५,०००. दुप्पट. जलद पावडर वाढवत नेली तर दाब गोळीच्या वेगाच्या मानाने फार झपाट्याने चढतो, आणि तुमच्या पदरात वेग थोडाच पडतो. युनिकने .३५७ चा मधला, अंगाला न लागणारा भार छान होतो. पूर्ण ताकदीला मंद पावडर लागते, २४०० किंवा एच११० नावाची. ही एच११० आणि विंचेस्टर २९६ सुद्धा एकच आहे.

पण भावाने पहिल्या वर्षी एच११० ला हात लावू नये. ती पुंगळी जवळजवळ भरूनच वापरायची पावडर आहे. मॅग्नम टोपी लागते, पुंगळीचं तोंड गोळीवर घट्ट आवळावं लागतं. आणि नवशिक्याची जी स्वाभाविक खबरदारी, 'कमीच घालू', ती हिच्याबाबतीत उलटी पडते. फार कमी केली की ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकते. बनवणारेच सांगतात की दिलेल्या भाराहून तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. २४०० त्या मानाने समजूतदार, थोडी खाली आणली तरी रुसत नाही.

अजून एक. .३८ ची पुंगळी .३५७ पेक्षा आखूड, सुमारे एक अष्टमांश इंच. सतत .३८ झाडली की सिलिंडरच्या घरात तेवढ्या अंतरावर शिसं आणि काजळीचं कडं जमतं. .३५७ घालायच्या आधी ते घासून काढायचं, नाहीतर लांब पुंगळी त्या कड्यात रुतते, तोंड उघडायला जागा राहत नाही, दाब वाढतो.

---

वेलवर्गीय (निफाड तालुका)

थंडीबद्दल मीही विचारणारच होतो. आमच्याकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आणि मे महिन्यात तोच चाळिशीला टेकतो. माझं रिव्हॉल्वर आणि काडतुसं पत्र्याच्या कपाटात असतात. विकतच्या काडतुसांचंही काही बिघडतं का?

---

देवळालीकर (देवळाली कॅम्प)

थंड पावडर हळू जळते, गरम जोरात. थंडीत वेग कमी होतो, मंद आणि लेप जाड असलेली पावडर असेल तर पेटायलाच कुरकुरते, एच११० ला मॅग्नम टोपी लागते ती त्यासाठीच. भावाने काडतुसं गाडीच्या डिकीत न ठेवता पेटीत आणि खिशाच्या उबेला न्यावीत. त्याहून महत्त्वाचं, उणे दहात बसवलेला भार जूनमध्ये तापलेल्या गाडीतून काढून झाडायचा झाला तर तो आधीच वरच्या टोकाला नसावा.

वेलवर्गीय, पत्र्याच्या कपाटात मे महिना वाईटच. नायट्रोसेल्युलोज कालांतराने आपलं आपणच विघटित होतं, त्यातून आम्ल सुटतं, आणि ते आम्ल पुढचं विघटन वाढवतं. ते शोषून घ्यायला पावडरीत स्थिरक घातलेला असतो, पण तोही संपतो. उष्णतेने लवकर संपतो. घरातल्या थंड, कोरड्या खोलीत आतल्या भिंतीच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. काडतुसावर हिरवट बुरशीसारखं दिसलं, टोपी काळवंडली, तर ती वापरू नका, परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून जमा करा. ताईंसारख्या तिकडे घरी भरणाऱ्यांसाठी, डबा उघडल्यावर नाकात आंबूस, झोंबणारा वास आला, दाण्यांवर विटकरी भुकटी दिसली, की तो डबा संपला. चांगल्या पावडरीला ईथरसारखा, गोडसर वास असतो. तीस वर्षं झाली, मला अजून तो वास ओळखता येतो.

---

गोदाकाठ (नाशिक)

शेवटचं कळवतो.

भावाने युनिकचा एक पौंडाचा सीलबंद डबा घेतला. बिनचिठ्ठीची बरणी देणाऱ्याला नको म्हणून सांगितलं. त्यांनीही ती पेटवून टाकली, त्याचा व्हिडिओ पाठवला, काका म्हणाले तशीच पिवळी ज्योत. पावडर बनवणाऱ्यांचं आणि गोळी बनवणाऱ्यांचं अशी दोन्ही पुस्तकं मागवली, दोन्हींत आकडा थोडा वेगळा होता, त्याने लहान धरला.

काल रात्री, म्हणजे त्याच्या सकाळी, पहिली पन्नास भरली. मी कॉलवर होतो. पाटीवर पन्नास पुंगळ्या, त्याने फोन वर धरला, टेबलावरचा दिवा तिरका केला. चकत्यांची पातळी पुंगळीच्या मध्याच्या खाली, सगळ्यांत सारखी. तिसऱ्या रांगेत एक मला वेगळी वाटली. मी म्हटलं, ती चौथी बघ. त्याने काढून काट्यावर ओतली. चार दशांश ग्रेन कमी होती. मापाच्या नळीत एक चकती आडवी बसली होती. त्याने माप रिकामं केलं, नळी पुसली, आणि पाटीवरच्या सगळ्याच पुंगळ्या ओतून परत पहिल्यापासून भरल्या.

आईला आज सांगितलं. तिने एवढंच विचारलं, भरताना तो एकटा असतो का. मी म्हटलं, नाही, मी असतो.